पतअहवाल आणि पोलीसभरती (अमेरिका)

पोलीस दलासाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराची कर्जे, थकबाकी आणि पैशाचे व्यवहार नेमणुकीपूर्वी तपासण्याची अमेरिकेतील रीत. त्या देशात सुमारे १८,००० पोलीस यंत्रणा आहेत आणि भरतीचे निकष ज्याचे त्याचे. त्यामुळे किती कर्ज असले की उमेदवार बाद, असा देशभर लागू होणारा आकडा नाही.

तपासणीमागची धारणा जुनी आहे: देणेकरी माणूस मिंधा होतो. पोलिसाच्या हातून जप्त केलेली रोकड, दागिने, अमली पदार्थ जातात, आणि गस्तीवर तो पुष्कळदा एकटा असतो. कॅलिफोर्नियात उमेदवाराला पूर्वायुष्याचा सविस्तर अर्ज भरावा लागतो. दिवाळे काढले होते का, देणे वसुली कंपनीकडे गेले का, हप्ते थकल्याने गाडी ओढून नेली का, पगारावर जप्ती आली का, कर थकला का, असे प्रश्न त्यात असतात. जुगाराचीही विचारणा होते. चौकशी अधिकारी ही उत्तरे एक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन या पतअहवाल देणाऱ्या कंपन्यांकडील नोंदींशी ताडून पाहतो. आपल्याकडे पत म्हटले की आधी सिबिल स्कोर आठवतो; नोकरीसाठी दिल्या जाणाऱ्या अमेरिकन अहवालात मात्र स्कोर नसतोच. असतात त्या खात्यांच्या, थकलेल्या हप्त्यांच्या आणि वसुलीच्या नोंदी. अशा विचारणेने स्कोर घसरतही नाही.

१९७०च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्टनुसार अहवाल मागवण्यापूर्वी उमेदवाराची लेखी संमती घ्यावी लागते. त्या अहवालावरून नकार द्यायचा असेल, तर आधी त्याची प्रत उमेदवाराच्या हाती पडली पाहिजे. ही तरतूद फार मोलाची आहे, कारण दुसऱ्याचेच कर्ज आपल्या नावावर चढल्याचे काहींना तेव्हाच कळते. बहुतेक प्रतिकूल नोंदी ७ वर्षांनी आणि दिवाळखोरीची १० वर्षांनी गळते. पण वार्षिक पगार ७५,००० डॉलर किंवा अधिक असेल, तर कायद्याची ही कालमर्यादा लागू होत नाही. कॅलिफोर्नियातील कित्येक दलांत नव्या पोलिसाचा पगारच याहून जास्त आहे.

२०१२पासून कॅलिफोर्नियाने आणि २०१५पासून न्यूयॉर्क शहराने बहुतेक नोकऱ्यांसाठी पतअहवाल पाहण्यास बंदी घातली. दोन्ही कायद्यांतून पोलीस वगळले आहेत. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५२५ने मात्र सरकारी यंत्रणांचे हात बांधले आहेत. केवळ दिवाळखोरी पत्करली म्हणून त्यांना नोकरी नाकारता येत नाही. ‘केवळ’ हा शब्द निर्णायक ठरतो, कारण दिवाळखोरीपर्यंत नेणारे वर्तन तपासायला मोकळीक उरते.

प्रत्यक्षात रकमेपेक्षा कर्जाचे कारण आणि फेडीची धडपड जास्त पाहिली जाते. शिक्षणासाठी मोठे कर्ज काढून नियमित हप्ते भरणारा सहसा अडत नाही. ऐपत असून देणी बुडवणारा, आणि त्याहून जास्त, अर्जात ती लपवणारा अडतो. तिथे प्रश्न पैशाचा न राहता खोटेपणाचा होतो. या पद्धतीचा खरा अन्याय आजारपणाच्या कर्जात दिसतो. अमेरिकेत इस्पितळाचे बिल धडधाकट संसार कोलमडवू शकते, आणि त्यावरून कोणाच्याही सचोटीचा अंदाज बांधता येत नाही. २०२३मध्ये तिन्ही कंपन्यांनी ५०० डॉलरखालील वैद्यकीय थकबाकी अहवालातून काढली. मोठी बिले त्यांच्या या निर्णयाबाहेर राहिली.

कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२३पासून पोलिसांसाठी नागरिकत्वाची अट काढली असून कामाचा कायदेशीर परवाना असलेले स्थलांतरितही आता पात्र आहेत. त्यांत कोणी मराठी तरुण असेल, तर त्याने पुण्यात वर्षानुवर्षे चोख भरलेले हप्ते अमेरिकन कंपन्यांच्या नोंदींत आपोआप येत नाहीत. नव्याने गेलेल्याचा अहवाल त्यामुळे जवळजवळ कोराच असतो.