हाताखालची पोरं



इंदूरच्या सराफ्याचं नाव काढलं की पाहुण्यांना रात्रीचे गराडू, भुट्ट्याचा कीस आणि जिलेब्याच आठवतात. दिवसाचा सराफा निराळा. पेढीच्या मागे किंवा अरुंद जिन्याने चढून जावं अशा माडीवर दागिना घडत असतो. ऐरण, मूस, फुंकणी, आणि मांडी घालून बसलेले कारागीर. त्यांतले पुष्कळ बंगालच्या खेड्यांतून आलेले आहेत. गावातल्या कुणा ओळखीच्याचा हात धरून यायचं आणि उस्तादाशेजारी बसून शिकायचं, हीच तिथली शाळा. उस्ताद चांगला मिळाला तर पोराचं आयुष्य उभं राहतं. वाईट मिळाला तर त्याचं बालपण त्या खोलीतच संपतं, आणि खाली पेढीवर बसलेल्या गिऱ्हाईकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मार्च हा संत योसेफाचा महिना. नासरेथच्या त्या सुताराने प्रभू येशूला आपल्या हाताखाली घेऊन कसब शिकवलं, एवढं आपण सगळेच जाणतो. म्हणून या महिन्यात, खेड्यातल्या निराधार मुलांना धंदा शिकवण्याचा आपल्या ख्रिस्ती लोकांचा जो जुना इतिहास आहे, त्याविषयी लिहावं असं आम्ही ठरवलं.

सुरुवात दुष्काळापासून करावी लागते. विक्रम संवत 1956, म्हणजे इसवी सन 1899-1900. ‘छप्पनचा काळ’ म्हणून आजही जुनी माणसं त्याचं नाव घेतात. माळव्यात दुष्काळ पडत नाही असा तोवर समज होता. त्या भरवशावर राजपुतान्यातून माणसं गुरंढोरं घेऊन इकडे आली, तर इकडेही पाऊस नव्हता. मोठी माणसं वाटेत गेली, मुलं मागे राहिली. झाबुआकडे थांदल्याला कापुचिन फादरांनी 1896 मध्ये मिशन उघडलं होतं. इंदुरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचं काम 1877 पासून चालू होतं. त्यांनी अनाथ मुलगे महूजवळ रसलपुऱ्याला ठेवले आणि तिथे उद्योगशाळा चालवली.

पोट भरणं हा वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न होता. पुढे काय, हा खरा प्रश्न. आपल्याकडे कसब घराण्यात आणि जातीत चालत आलं. सोनाराचा मुलगा बापाजवळ बसून सोनार झाला, सुताराचा सुतार. ज्याला बाप नाही, जमीन नाही, आणि मिशनचं अन्न खाल्लं म्हणून जातही घेत नाही, त्या पोराला कोण शेजारी बसवून घेणार? मिशनच्या कारखान्याने ती बापाची जागा भरायची होती.

अहमदनगरात ही गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. तिथे अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून होतं आणि छप्पनच्या दुष्काळानंतर त्यांच्याकडेही अनाथ मुलांची रीघ लागली. सुतारकाम, विणकाम असे वर्ग होते. पण गिरणीच्या कापडापुढे साळी-कोष्टीच हात टेकत होते, त्यांची स्वतःची मुलं मागावरून उठून मुंबईच्या गिरण्यांत जात होती. अशा वेळी अनाथ पोराला जुना माग शिकवणं म्हणजे त्याला उपासमार शिकवणं. डेव्हिड चर्चिल हे मिशनरी पेशाने यंत्र-अभियंते होते. त्यांनी हातमागच नव्याने रचला. हाताने चालणारा, तरी बराच जलद. ‘चर्चिल माग’ म्हणून तो ओळखला गेला. (आम्ही कला शाखेचे पदवीधर, मागाची रचना आम्हांला विचारू नका.) आम्हांला त्यांचा विचार मोठा वाटतो: मुलाला कसब देण्याआधी त्या कसबावर घर चालेल का, हे त्यांनी पाहिलं. आज शिवणयंत्रं वाटून फोटो काढणाऱ्या संस्थांनी, त्यांत आपणही आलो, हे पाहायला हरकत नाही.

तरी या शाळांत एक उणीव राहिली, असं आमचं मत आहे. मुलं आवाराच्या आत, घंटेवर वाढली. हात तयार झाले, पण बाजाराची ओळख झाली नाही. पुष्कळजण जन्मभर मिशनच्याच नोकरीकडे पाहत राहिले.

इटलीतल्या तुरीन शहरात संत जॉन बॉस्को यांनी याच्या आधीच वेगळी वाट धरली होती. तिथेही पोरं खेड्यांतूनच येत, गवंड्यांच्या आणि सुतारांच्या हाताखाली राबत, मार खात. डॉन बॉस्को स्वतः शेतकऱ्याचे मुलगे, लहानपणीच बापाविना झालेले. आपले कारखाने उघडण्याआधी त्यांनी मुलांना शहरातल्या उस्तादांकडेच ठेवलं, पण लेखी करारावर. फेब्रुवारी 1852 मधला एक करार आजही जपलेला आहे, एका सुताराशी केलेला. मुदत दोन वर्षं. मजुरी ठरलेली आणि टप्प्याटप्प्याने वाढणारी. धंदा सगळा शिकवायचा. चुकलं तर शब्दांनी सांगायचं, हात उगारायचा नाही. रविवार आणि सण मोकळे. वर्षाला पंधरा दिवस सुट्टी. सह्या उस्तादाच्या, मुलाच्या, वडिलांच्या, आणि डॉन बॉस्कोंच्या.

योगायोग पाहा, हिंदुस्थानात इंग्रज सरकारने अनाथ आणि गरीब मुलांना धंदा शिकवण्यासाठी उमेदवारीचा कायदा केला तो 1850 सालचा. दहा ते अठरा वयाच्या मुलाला जास्तीत जास्त सात वर्षांसाठी उस्तादाशी बांधून देता येई. पुढे 1961 च्या कायद्याने त्याची जागा घेतली, आणि आता चौदा वर्षांखालच्या मुलाला उमेदवार करता येत नाही. कायदा कागदावर चांगलाच आहे. पण ठरलेलं पाळलं जातं की नाही ते पाहायला कायदा दर आठवड्याला येत नाही. डॉन बॉस्को कारखान्यात जाऊन पोरांना भेटत. त्या चौथ्या सहीला किंमत आली ती त्यामुळे.

आपल्या शहरात आजही झाबुआ, आलीराजपूर, बडवानी आणि खानदेशातून सोळा-सतरा वर्षांची मुलं येतात. बरीचशी बांधकामावर जातात. काही रविवारी मिस्साला मागच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद होताच निघून जातात. आपल्याच मंडळीत फिटर आहेत, वायरमन आहेत, एसी दुरुस्त करणारे आहेत, सराफ्यात पेढीवर हिशेब लिहिणारेही आहेत. कोणता कारखानदार पोरांना नीट वागवतो, हे त्यांना आमच्याहून अधिक माहीत.

येत्या रविवारपासून मिस्सानंतर मंदिराच्या दाराशी एक वही ठेवत आहोत. ज्याला शिकवता येईल त्याने आपला धंदा लिहावा. ज्याला शिकवता येत नाही, पण आठवड्यातून एकदा एखाद्या मुलाच्या कामाच्या जागी जाऊन, जेवलास का, पैसे मिळाले का, हात दाखव बघू, एवढं विचारता येईल, त्याने आपल्या सवडीचा वार लिहावा.