जीपचे पाठभेद : मसल कार, खानदेश आणि देशीकरण

अमेरिकन 'मसल कार' हा विषय मराठी समीक्षेच्या परिघात यावा, असे वरकरणी काहीच कारण नाही. तरीही साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या पिंपळनेरसारख्या गावात शिकवताना आम्हांला असे दिसते की, मस्टँग, चार्जर, कॅमारो ही नावे विद्यार्थ्यांच्या तोंडी सहज असतात. यांपैकी एकही गाडी त्यांतल्या बहुतेकांनी रस्त्यावर पाहिलेली नसते. न पाहिलेल्या वस्तूचे हे आकर्षण टिकते कशाच्या बळावर? या प्रश्नाचा माग काढत गेले की आपण साहित्याभ्यासातल्या एका जुन्या प्रश्नापाशी येऊन पोहोचतो, तो म्हणजे परक्या रूपबंधाच्या देशीकरणाचा प्रश्न.

प्रथम इतिहास. १९६४ साली जनरल मोटर्सच्या पाँटियाक विभागाने आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवले आणि तिला 'जीटीओ' हे नाव दिले. मध्यम गाडीत एवढे मोठे इंजिन घालू नये असा कंपनीचाच नियम होता. तो चुकवण्यासाठी हे इंजिन 'ऐच्छिक जोड' म्हणून विकले गेले. मसल कारचे युग येथून सुरू झाले असे सामान्यतः मानले जाते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आलेल्या फोर्ड मस्टँगच्या पहिल्या वर्षभरात चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. हे युग मात्र अल्पायुषी ठरले. १९७० चा हवाशुद्धीचा कायदा, तरुण चालकांसाठी वाढलेले विम्याचे हप्ते आणि १९७३ चे तेलसंकट यांनी दहा वर्षांच्या आत त्याचा शेवट केला. पुढे ही नावे पुन्हा बाजारात आली, पुन्हा गेली. डॉजने व्ही-८ इंजिनाच्या चॅलेंजरचे उत्पादन २०२३ च्या अखेरीस थांबवले. आयुष्य एवढे तोकडे आणि कीर्ती मात्र साठ वर्षांची, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

तिचा उलगडा कारखान्यात होत नाही. तो कारखान्याबाहेर, म्हणजे मसल कारच्या आधीच्या 'हॉट रॉड' परंपरेत शोधावा लागतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर १९३० च्या दशकापासून तरुण मुले जुन्या फोर्ड गाड्यांचे पत्रे काढून, इंजिने बदलून शर्यती लावत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या, यंत्रांना सरावलेल्या तरुणांनी हा छंद वाढवला. १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' या नावाचे मासिकही निघाले. जॉर्ज बॅरिससारखे कारागीर गाडीचे छत कापून बुटके करीत, तिचा सांगाडा रस्त्यालगत खाली आणीत, तिला रंगांचे थरावर थर चढवीत. टॉम वुल्फ या लेखकाने १९६३ मध्ये या कारागिरांवर एक दीर्घ लेख लिहिला आणि अभिजनांची नजर ज्यांच्यावर कधी पडली नव्हती अशा या लोकांकडे कलावंत म्हणून पाहिले. अमेरिकन 'नव-पत्रकारिते'च्या आरंभीच्या लेखनात त्या लेखाची गणना होते. म्हणजे कंपनीने जीटीओ काढली, तेव्हा तिने लोकांनी आधीच शोधलेली गोष्ट विकायला आणली होती. बदल करणाऱ्यांची परंपरा आधीची; कारखान्याची गाडी नंतरची.

मग ही गाडी आपल्याकडे का आली नाही? अमेरिकन मोटार मुंबईला अपरिचित नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली. पाठोपाठ फोर्ड आली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्याला डॉज व प्लिमथ गाड्यांची जुळणी केली. परंतु १९५३ च्या जकात आयोगाच्या अहवालानंतर, ज्यांच्याकडे येथेच उत्पादन करण्याची योजना नाही अशा परदेशी कंपन्यांना जागा उरली नाही. १९५४ पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघींनीही गाशा गुंडाळला. दहा वर्षांनी मसल कार जन्मली, तेव्हा दरवाजे बंद होते. हिंदी चित्रपटात दिसणारी इम्पाला हाच काय तो आपल्या प्रेक्षकाचा त्या जगाशी संबंध उरला.

एक अमेरिकन गाडी मात्र राहिली. तिचे नाव जीप. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने मागणी नोंदवली. पेनसिल्व्हेनियातील बँटम या लहान कंपनीने अवघ्या सात आठवड्यांत पहिला नमुना उभा केला. पुढे युद्धकाळात विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. साठ अश्वशक्तीचे इंजिन, चारही चाकांना गती, आणि शोभेचा एकही पत्रा नाही. १९४५ मध्ये मुंबईत 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन झाली. तिचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. विलिसच्या सुट्या भागांपासून या कंपनीने मुंबईत माझगावला जीप जुळवायला घेतली. विलिसचे १९५३ चे उंच बॉनेटचे रूप अमेरिकेत १९६८ साली संपले. आपल्याकडे मात्र त्याचे वंशज त्यानंतरही कित्येक दशके निघत राहिले. मूळ ग्रंथ मायदेशी लुप्त व्हावा आणि त्याची हस्तलिखिते दूरच्या मठात सापडावीत, असाच काहीसा हा प्रकार आहे.

हस्तलिखितांचा उल्लेख केवळ अलंकार म्हणून केलेला नाही. नकलकाराच्या हातून संहिता जशी बदलते, तशी ही जीप खानदेशात बदलली. पिंपळनेरच्या पश्चिमेला भिल्ल आणि कोकणा वस्तीचे पाडे डोंगरात विखुरलेले आहेत. अशा पाड्यांवर जेथे एस.टी. येत नसे, किंवा दिवसातून एखाददुसरी फेरी होई, तेथे बाजाराला, दवाखान्याला, शाळेला जाण्याचे साधन म्हणजे काळी-पिवळी जीप. सैन्यातल्या चार-सहा माणसांसाठी आखलेल्या गाडीत मागे समोरासमोर बाकडी आली, टपावर कॅरिअर आले, त्यावर चढायला शिडी आली, मागच्या फाळक्याशी उभे राहण्यापुरती पायरी आली. वजन पेलावे म्हणून कमानींत जादा पाटे आले. पेट्रोल परवडेना तेव्हा डिझेल इंजिन आले. काचेवर सप्तशृंगी, एकविरा किंवा कानबाईचे नाव आले. कॅलिफोर्नियातल्या मुलांनी वेगासाठी गाडीतून पत्रा काढला; आमच्याकडच्या मिस्तरीने माणसे मावावीत म्हणून पत्रा जोडला. हेतू भिन्न, कृती एकच : कारखान्याची संहिता अंतिम मानायची नाही.

येथे भालचंद्र नेमाडे यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. यावल तालुक्यातील सांगवीच्या या लेखकाने देशीयतेचा जो विचार मराठीत मांडला, त्यात परके रूप येथल्या मातीत रुजताना त्याचे काय होते हा कळीचा मुद्दा आहे. मराठी कादंबरीच्या संदर्भात तो आपण वर्गात नेहमी शिकवतो. जीप हे त्याच प्रक्रियेचे डोळ्यांना दिसणारे उदाहरण आहे, असे आम्हांला वाटते. अहिराणीत कोणी 'आमनी जीप' म्हणतो, तेव्हा त्या 'आमनी'त केवळ मालकी नसते. ती गाडी आपल्या गरजेने नव्याने लिहिली गेल्याची जाणीवही असते. मसल कारच्या टिकाऊ आकर्षणाचे मर्मही येथेच आहे. अश्वशक्ती हे तिचे निमित्त. आपल्या हाताने बदलता येणारे यंत्र ही तिची खरी मोहिनी.

मात्र या इतिहासाचे उदात्तीकरण करणे अप्रामाणिक ठरेल. टपावर आणि फाळक्याला लटकून माणसे नेणाऱ्या जीप घाटात उलटल्या, आणि त्यात गरिबांचेच बळी गेले. जो पाठभेद माणसाच्या जिवावर उठतो, त्याचे समर्थन सर्जनशीलतेच्या नावाखाली करता येत नाही. कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हीच बाब अधोरेखित केली. कायद्याच्या दृष्टीने संहिता एकच आणि ती कारखान्याची. सुरक्षिततेसाठी हे आवश्यक आहे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण ज्या पाड्यावर बस पोहोचत नाही, तेथे संहिता बदलण्याची वेळ कोणी आणली, हा प्रश्न त्या कलमात मावत नाही.

मूळ कोणाचे, या वादाचा एक उपरोधिक अंकही घडून गेला आहे. महिंद्राने २०१८ मध्ये आपल्या जीपसदृश बांधणीची 'रॉक्सर' ही गाडी अमेरिकेत विकायला काढली. जीपची तत्कालीन मालक असलेल्या फियाट क्रायस्लरने तिच्या रूपावर आक्षेप घेतला आणि २०२० मध्ये तेथील व्यापार आयोगाने तो मान्य केला. महिंद्राला गाडीचा चेहरा बदलावा लागला. सत्तर वर्षे येथे वाढलेली लेक माहेरी गेली, तेव्हा तिला तोंड बदलून ये असे सांगण्यात आले.

आज आमच्या भागातील तरुणांचे स्वप्न थार हे आहे. २०१० साली आलेली आणि २०२० मध्ये नवे रूप घेतलेली ही गाडी त्याच वंशातली. तिला रुंद टायर, जादा दिवे, लोखंडी बंपर लावण्याची हौस सर्वत्र दिसते. हा बदल बहुधा दुकानातून विकत आणलेला असतो. येथे गरज मागे पडते आणि सामर्थ्याचे प्रदर्शन पुढे येते. या अर्थाने खानदेश आता मसल कारच्या खऱ्या जवळ पोहोचला आहे. हे चांगले की वाईट, असा निवाडा करण्याची घाई आम्हांला नाही. परंतु एक भेद नोंदवणे आवश्यक वाटते. कॅलिफोर्नियाच्या कारागिरांना त्यांचे मासिक मिळाले, त्यांचा लेखक मिळाला, त्यांची नावे ग्रंथांत गेली. महामार्गाकाठच्या टपरीवजा गॅरेजमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्यांत ज्यांनी जीपचे पाठभेद घडवले, त्या मिस्तरींची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. त्यांची परिभाषाही, म्हणजे फाळका, टप, पाटा, कमान, हौदा हे शब्द, कारागिरांच्या पिढीबरोबर विरत चालली आहे.

लोकगीतांचे पाठ गोळा करण्याची परंपरा आपल्या मराठी विभागांना आहे. त्याच शिस्तीने या कारागिरांच्या मुलाखती, त्यांचे शब्द आणि त्यांनी केलेले बदल नोंदवणे हे एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून सहज करता येण्याजोगे काम आहे. ज्यांच्याकडे सांगण्यासारखे आहे, ती माणसे अद्याप हयात आहेत. म्हणूनच ते आता व्हायला हवे.