झोप, परवाना आणि न विचारलेला प्रश्न

१/७
उरवडे, तालुका मुळशी. पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यालगतचे गाव. कारखान्यातील पाळी गाठायची तर दुचाकी हवी, आणि दुचाकीसाठी परवाना. परवान्याच्या अर्जासोबत प्रकृतीविषयीचे स्वयंघोषणापत्र भरावे लागते. त्यात एका आजाराचे नाव नाही : नार्कोलेप्सी.

२/७
दिवसा आवरता न येणारी झोप, हे या आजाराचे मुख्य लक्षण. १८७७ मध्ये जर्मन वैद्य वेस्टफाल यांनी त्याचे वर्णन केले. १८८० मध्ये फ्रेंच वैद्य जेलिनो यांनी त्याला नाव दिले.

३/७
जेलिनो यांचा रुग्ण ३८ वर्षांचा, दारूच्या पिंपांचा व्यापारी होता. दिवसातून २०० वेळांपर्यंत त्याला झोप घेरत असे. मोठ्याने हसू आले, की पाय लटपटत. अपघाताचा धोका पहिल्या नोंदीतच दिसत होता.

४/७
कारण कळण्यास मात्र शतक लोटले. १९९८ मध्ये मेंदूतील हायपोक्रेटिन (ओरेक्सिन) या द्रव्याचा शोध लागला. २००० मध्ये अनेक रुग्णांत त्याचाच अभाव आढळला. दोष स्वभावाचा नव्हता, जागे ठेवणाऱ्या पेशींच्या ऱ्हासाचा होता.

५/७
भारतात मोटार वाहन कायदा १९८८ चा, नियम १९८९ चे. नमुना १ मध्ये अपस्मार, अचानक शुद्ध हरपणे, भोवळ आणि रातांधळेपणा यांविषयी विचारणा आहे. झोपेचा उल्लेख नाही. ती ‘जनतेला धोकादायक ठरेल असा अन्य आजार’ या कलमातच शोधावी लागते. ब्रिटनमध्ये मात्र नार्कोलेप्सी असलेल्या चालकाने परवाना खात्याला तसे कळवणे बंधनकारक आहे.

६/७
पण जे ठाऊकच नाही, ते घोषित कसे करणार? वर्गात पेंगणारा मुलगा ‘कुंभकर्ण’ ठरतो, यंत्रापाशी डुलकी लागलेला कामगार ‘कामचुकार’. निदानाला अनेकदा वर्षे लागतात. तोवर तोच मुलगा गाडी चालवू लागतो, तोच कामगार यंत्रावर उभा राहतो.

७/७
नार्कोलेप्सीच्या रुग्णांत वाहन-अपघातांचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. औषधे, ठरलेल्या वेळी घेतलेली छोटी झोप आणि लक्षणे आटोक्यात येईपर्यंत वाहनापासून दूर राहणे, यांनी हा धोका कमी करता येतो. मात्र त्यासाठी आधी निदान व्हावे लागते. आजाराला नाव मिळाल्यानंतर १०९ वर्षांनी आपले नियम आले. ते नाव त्यांत नव्हते. घरात आणि शाळेत तर त्याजागी आजही ‘आळस’ हाच शब्द वापरला जातो.