येरळेची वाळू आणि बळीराजाचं धरण

आजचा भाग पाण्याच्या गोष्टींबद्दल आहे. पाण्याबद्दल आपण एकमेकांना काय सांगत आलो आणि त्या सांगण्यातून एके ठिकाणी धरण कसं उभं राहिलं, त्याबद्दल.

सुरुवात एका कहाणीपासून करू. श्रावणात सप्तमीला सांगतात ती शिळासप्तमीची कहाणी आजीकडून कुणी ऐकली असेल. आटपाट नगर, तिथला राजा. राजा गाव वसवतो, तळं बांधतो, पण तळ्याला काही केल्या पाणी लागत नाही. जलदेवता म्हणतात, तुझ्या सुनेचा थोरला मुलगा बळी दे. राजा सुनेला माहेरी पाठवतो आणि मागं तिच्या लेकराला तळ्यात निजवतो. तळं भरतं. पुढं सून व्रत करते, तिला मूल परत मिळतं, गोष्ट गोड होते.

पण नीट बघा. तळं राजाचं, निर्णय राजाचा, किंमत मोजली सुनेनं, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. तळं किंवा विहीर भरावी म्हणून सुनेचा नाहीतर लेकीचा बळी, अशा दंतकथा महाराष्ट्रात ठिकठिकाणी ऐकायला मिळतात. मला या गोष्टी अंधश्रद्धा म्हणून बाजूला टाकवत नाहीत. पाणी कुणाच्या मालकीचं आणि ते आणताना कुणाचं घर रिकामं होतं, हे त्या अगदी सरळ सांगतात. विसाव्या शतकातल्या धरणांखाली ज्यांची गावं गेली त्यांना ही कहाणी समजावून सांगावी लागणार नाही.

आता दुसरा राजा. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ पुराणात वामनानं पाताळात घातलेला बळी, पण गावाकडच्या आठवणीत तो चांगला राजा. महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त याच बळीला शेतकऱ्यांचा राजा म्हणून पुढं आणलं. तेच फुले दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये अगदी कोरडं, कामाचं बोलतात: सैन्यातल्या-पोलिसांतल्या फाजील लोकांना कामाला लावा, ताली आणि बंधारे घाला, पावसाचं पाणी रानात मुरू द्या. ‘पाणी अडवा’ ही घोषणा यायच्या कितीतरी आधीचं हे लिखाण.

आता सांगली जिल्ह्यात येऊ. खानापूर तालुका, येरळा नदी. ही नदी साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातून येते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. या भागातली पुष्कळ माणसं मुंबईच्या गिरण्यांत कामाला होती. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि ही माणसं गावी परतली. गावात दुष्काळ. काम काय, तर रोजगार हमीवर खडी फोडणं. संपात तयार झालेली ही माणसं, ती विचारायला लागली: वर्षानुवर्षं खडी फोडतोय, पण दुष्काळ आहे तिथंच आहे. मग दुष्काळ हटेल असंच काम का काढत नाही? यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. भारत पाटणकर हे तिचं ठळक नाव.

माझ्या मते इतिहासाची खरी गंमत पुढं आहे. चळवळीनं नुसते मोर्चे काढले नाहीत, माणसांना बोलतं केलं. पूर्वी रानात काय पिकायचं, विहिरींना पाणी किती असायचं, नदी कधीपर्यंत वाहायची? म्हाताऱ्या माणसांना आठवत होतं की येरळा एके काळी जवळजवळ बारमाही होती. मग ती आटली कशानं? पाऊस कमी झाला, एवढंच उत्तर पुरेना. पाणी पिणारी पिकं वाढली होती. आणि नदीच्या पात्रातून ट्रकच्या ट्रक वाळू जात होती.

वाळूचं गणित शहरातल्या मित्रांसाठी थोडं सांगतो. पात्रातली वाळू म्हणजे नदीची पाण्याची टाकी. पूर ओसरला तरी वाळूच्या पोटात पाणी राहतं आणि ते हळूहळू काठच्या विहिरींना मिळतं. वाळू उपसली की पाणी थांबायला जागाच उरत नाही. सरकार या वाळूचा लिलाव करायचं. पैसे सरकारला आणि ठेकेदाराला, कोरड्या विहिरी गावाला. पुन्हा तीच कहाणी, तळं एकाचं आणि लेकरू दुसऱ्याचं.

बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठेकेदारांना अडवलं आणि उलटी मागणी केली. थोडी वाळू आम्ही काढू, आम्हीच विकू आणि त्या पैशातून नदीवर आमचं धरण बांधू. सरकारला हे पटवायला बराच संघर्ष करावा लागला. के. आर. दाते यांच्यासारखे जाणते अभियंते मदतीला आले. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात लोकांच्या श्रमातून छोटंसं धरण उभं राहिलं. नाव ठेवलं बळीराजा स्मृती धरण.

त्याच्या पाण्याचा नियम नावाला शोभणारा होता. पाण्याचा हक्क ज्याची जमीन जास्त त्याला जास्त, असा नाही. प्रत्येक घराला वाटा, भूमिहीनांनाही, बायकांनाही. उसाला मोकळं रान नाही. दुष्काळी भागात ऊस हा विषय किती नाजूक आहे हे तिकडच्या श्रोत्यांना ठाऊक आहे, त्यामुळं हा नियम ठरवणंसुद्धा सोपं नव्हतं.

या धरणानं सगळा तालुका हिरवा झाला असं मी सांगणार नाही. ते लहान होतं, दोन गावांचं. पण समान पाणीवाटपाची मागणी तिथून पुढं गेली. 1993 पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी त्यांच्या पुढं होते आणि दुष्काळी तालुक्यांतून हजारो माणसं यायची. (आटपाट नगर आणि आटपाडी. हा योगायोगच, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

आता पाऊस महिनाभर दडी मारतो आणि मग दोन दिवसांत सगळा कोसळतो. अशा पावसात गावाला आपल्या नदीचा, ओढ्याचा स्वभाव माहीत असणं फार कामाचं असतं. तो माहीत असलेली माणसं सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. 1972 च्या दुष्काळात सुकडी खाऊन रोजगाराच्या कामावर गेलेली माणसं अजून आहेत.

तेव्हा हा भाग संपला की मोबाईलचा रेकॉर्डर चालू करा आणि घरातल्या किंवा वाड्यातल्या सगळ्यात वयस्क माणसाला तीन गोष्टी विचारा. तुमच्या लहानपणी आपला ओढा कुठल्या महिन्यापर्यंत वाहायचा? उन्हाळ्यात सगळ्यात शेवटी कुठली विहीर आटायची? आणि त्या विहिरीवर कुणाला पाणी भरू देत नव्हते? तिसरा प्रश्न गाळू नका. उत्तरं आली की तारीख आणि गावाचं नाव घालून ठेवा आणि पुढच्या ग्रामसभेला फोन चार्ज करून न्या.