दप्तर, वंशावळ आणि चार पिढ्यांची कादंबरी

घराण्याचा इतिहास सांगण्याची आपली जुनी रीत वंशावळीची. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, पुत्रांचे पुत्र, मध्येच एखादा दत्तक, कोठे ‘निपुत्रिक’ अशी नोंद, की झाली वंशावळ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत कुलवृत्तांत प्रसिद्ध करण्याची प्रथा पडली आणि अनेक घराण्यांचे जाडजूड ग्रंथ तयार झाले. त्यांत जन्म, मृत्यू, शिक्षण, नोकरी, वास्तव्याचे गाव हे सारे काटेकोरपणे नमूद असते. सुनांचे माहेरचे आणि सासरचे नावही असते. या ग्रंथांची उपयुक्तता वादातीत आहे. परंतु आपल्या कुळाचा वृत्तांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढणारा मनुष्य विरळा. आपले नाव शोधावे, वडिलांचे पाहावे आणि ग्रंथ पुन्हा फळीवर ठेवावा, एवढेच होते. याच सामग्रीवर उभी राहिलेली हजार पानांची कादंबरी मात्र तोच मनुष्य तहानभूक विसरून वाचतो. असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मराठीपुरते बोलायचे तर पहिले उदाहरण श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’चे द्यावे लागते. ही द्विखंडात्मक कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा पेंडसे पंचाहत्तरीला आले होते. दापोलीजवळच्या मुर्डीत जन्मलेल्या या लेखकाने मुंबईत बेस्टमध्ये नोकरी केली आणि कथानकासाठी मात्र तो पुन्हापुन्हा कोकणात परतला. जगबुडी नदीकाठच्या तुंबाड गावातील खोत घराण्याच्या चार पिढ्या त्यांनी या दोन खंडांत उभ्या केल्या. (२०१८ साली ‘तुंबाड’ नावाचा हिंदी चित्रपट आला, तेव्हा पुष्कळांचा समज झाला की हीच कथा पडद्यावर आली. चित्रपटाने केवळ नाव घेतले आहे.)

खोत म्हणजे काय, हे आपल्याकडील तरुण वाचकांस सांगावे लागेल. गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा तो खोत. सरकार आणि कूळ यांच्या मधल्या या जागेतून अमर्याद सत्ता निर्माण झाली. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९ साली झाला. आपल्या निजामी मुलखात खोत नव्हते. परंतु देशमुख, देशपांडे, पाटील, पटवारी आणि जहागीरदार होते, आणि जहागिरीही त्याच १९४९ साली संपुष्टात आल्या. म्हणून तुंबाडची माणसे हुलसूर-भालकीकडच्या वाचकाला परकी वाटत नाहीत. भाताची खाचरे आणि खाडी तेवढी परकी; ओसरीवरचा रुबाब, माजघरातली कुजबुज आणि कोर्टकज्ज्यात विकलेली जमीन ओळखीची.

आता आनंदाकडे वळू. लहान कादंबरीत आपण पात्राला भेटतो आणि निरोप घेतो. दीर्घ कुलकथेत आपण त्याला पाळण्यात पाहतो, बोहल्यावर पाहतो, म्हातारपणी ओसरीवर खोकताना पाहतो आणि पुढच्या भागात त्याच्या तसबिरीवरची धूळ पुसली जाताना पाहतो. त्याने पंचवीस वर्षांचा असताना काय केले, हे त्याच्या नातवाला ठाऊक नसते, आपल्याला असते. नातू ज्या चौकटीत उभा राहून मोठ्या आवाजात बोलतो, त्याच चौकटीत आजोबा कसे गप्प उभे राहिले होते, हे त्या घरात कोणालाच आठवत नाही. ज्यांना आठवले असते ते सारे दोनशे पानांपूर्वी वारले. चौथ्या पिढीपर्यंत पोहोचताना वाचक हा त्या घरातील सर्वांत वडीलधारा मनुष्य झालेला असतो, आणि सर्वांत निरुपायीही, कारण त्याला कोणाला सावध करता येत नाही. या प्रकारच्या वाचनाचा खरा आनंद मला तरी येथे आढळतो. आपल्या स्वतःच्या घरात हे वडीलपण कोणाच्याच वाट्याला पूर्णपणे येत नाही. पणजोबांना आपण पाहिलेले नसते आणि पणतू आपल्याला पाहणार नसतो.

यासाठी कादंबरी लांब असावीच लागते. विसरायला अवधी हवा. पन्नासाव्या पानावरचा एखादा पितळी डबा सातशेव्या पानावर मोडीत निघतो तेव्हा जो चटका बसतो, तो मधली साडेसहाशे पाने वाचल्याचा मोबदला असतो. घाईने वाचणाऱ्यास तो मिळत नाही. आपल्या घरांना मुळात अशा संथ वाचनाची सवय होती. चातुर्मासात श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ किंवा ‘हरिविजय’ लावला की दररोज एक अध्याय, आणि उद्याची उत्सुकता घेऊन झोपायचे. महाभारत ही तरी अखेर एका कुळाच्या वाटणीचीच कथा आहे.

वाटणीचा विषय निघाला, तेव्हा आपल्या शेजारच्या एका मोठ्या ग्रंथाचे स्मरण करणे अगत्याचे आहे. हुलसूरहून फार लांब नसलेल्या कल्याणात, चालुक्यसम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (इ. स. १०७६ ते ११२६), विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. ग्रंथाच्या अखेरीस त्याने कल्याण नगरीची आणि राजाची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क प्राप्त होतो, हा मिताक्षरेचा सिद्धांत. बंगालात जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ चालला. तेथे बाप हयात असेतो मुलाला हक्क नाही. या एका भेदामुळे दोन प्रांतांतील घरांचे स्वभाव वेगळे झाले, असे माझे मत आहे. बंगाली कथेत मृत्युपत्र हे जणू एक पात्रच असते. बंकिमचंद्रांच्या १८७८ सालच्या कादंबरीचे नावच ‘कृष्णकांतेर विल’. आपल्याकडे भांडण बापाच्या मरणाची वाट पाहत नाही. मूल जन्मले की हिस्सा बदलला, आणि बापाला मुलासमोर हिशेब द्यावा लागतो. मराठी-कानडी कुलकथेतील भाऊबंदकीची मुळे अशी आपल्याच कल्याणच्या मातीत आहेत. हे बाराव्या शतकातील शरणांच्या स्मृतीसाठी कल्याणला जाणाऱ्या मंडळींनी अवश्य ध्यानात ठेवावे.

महसूल खात्यातील नोकरीच्या काळात शेकडो वंशावळी माझ्या नजरेखालून गेल्या. कर्नाटकात त्या कागदाला ‘वंशवृक्ष’ म्हणतात. एस. एल. भैरप्पा यांची १९६५ सालची ‘वंशवृक्ष’ ही कादंबरी प्रथम हाती घेतली तेव्हा त्या शीर्षकाने मला हसू आले होते; वाचून संपली तेव्हा हसू उरले नव्हते. उमा कुलकर्णी यांनी ती मराठीत आणली आहे. नंजनगूडचे श्रीनिवास श्रोत्री ज्या कुळाच्या शुद्धतेसाठी जन्मभर झिजतात, ज्या अभिमानापायी विधवा सुनेची वाट अडवतात, त्या कुळाचे रक्त आपल्या अंगी नाहीच, हे त्यांना उतारवयात जुन्या कागदांतून उमगते. मिळकत भावाकडे जाऊ नये म्हणून मागच्या पिढीने तजवीज केलेली असते. सरकारी वंशवृक्षात ही गोष्ट कधीही आली नसती. तेथे रेघ सरळ खाली उतरली असती आणि खाली तहसीलदाराचा शिक्का पडला असता.

भैरप्पांचीच ‘गृहभंग’ (१९७०) आपल्या पटवारी-कुलकर्णी घरांनी तर मुद्दाम वाचावी. तिच्यातील शानभोग नालायक आणि खादाड. गावचे दप्तर लिहिते त्याची बायको नंजम्मा. हिशेब तिचा, अक्षर तिचे, नाव मात्र नवऱ्याचे. प्लेगात ती पोटची मुले गमावते आणि तरी साऱ्याचे हिशेब लिहीत राहते. जुन्या दप्तरातील काही सुंदर वळणदार अक्षरे नेमकी कोणाची असतील, असा प्रश्न ही कादंबरी वाचल्यावर मनात येतो. दप्तर त्याचे उत्तर देत नाही. फेरफाराच्या नोंदीत एवढेच असते: अमुक मयत, वारस अमुक. या नोंदीला कानडीत ‘पौती’ म्हणतात आणि आपण ‘फौती’. शब्द मुळात एकच. दोन फौतींमधली चाळीस वर्षे ही कादंबरीकाराची जहागीर.

स्त्रियांच्या बाबतीत दप्तर आणि कुलवृत्तांत दोघेही सारखेच कोरडे. लेक लग्न होऊन गेली की तिची फांदी तेथेच छाटली जाते. आशापूर्णा देवींनी ‘प्रथम प्रतिश्रुती’पासून (१९६४) सुरू केलेल्या तीन कादंबऱ्यांत हा हिशेबच उलटवला. सत्यवती, तिची मुलगी सुवर्णलता, तिची मुलगी बकुल असा तेथे वंश आईकडून लेकीकडे चालतो. १९७६ सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. कायदा या मुक्कामाला सावकाश पोहोचला. कर्नाटकाने १९९४ साली मर्यादित प्रमाणात आणि केंद्राने २००५ साली मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद मानले; २००५ साली बाप हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. म्हणजे विज्ञानेश्वराचा जन्मसिद्ध हक्क लेकीपर्यंत यायला नऊशे वर्षे लागली. आता वंशवृक्षात लेकींची नावे येतात. त्यांच्या पाठोपाठ बहुतेकदा हक्कसोडपत्रही येते. बहीण सही करते आणि माहेरचा चहा घेऊन परत जाते. त्या सहीमागचे अर्धे आयुष्य लिहायला एखादी नवी आशापूर्णा हवी.

परदेशातील एकच उदाहरण देतो, कारण ते वंशावळीशी थेट संबंधित आहे. टोमास मान या जर्मन लेखकाने १९०१ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ‘बुडेनब्रूक्स’ प्रसिद्ध केली. एका व्यापारी घराण्याच्या चार पिढ्यांचा हा ऱ्हास. त्या घराण्यात जन्ममृत्यू टिपून ठेवण्याची एक वही असते. शेवटच्या पिढीतील लहानगा हानो एके दिवशी ती उघडतो आणि आपल्या नावाखाली पट्टीने दुहेरी रेघ ओढतो. बाप रागावतो तेव्हा तो म्हणतो की यापुढे काही येणार नाही असे त्याला वाटले. वाचकाच्या छातीत त्या वेळी जे होते ते केवळ एका रेघेमुळे, आणि मागील पाचशे पानांमुळे.

अलीकडे मराठीत पट अधिक रुंदावला आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू’मध्ये (२०१०) वडिलांच्या अंतकाळी गावी परतणाऱ्या खंडेरावाच्या मनात सारे मोरगाव पिढ्यांसह जागे होते. रंगनाथ पठारे यांनी ‘सातपाटील कुलवृत्तांत’मध्ये (२०१९) तर कुलवृत्तांत हा शब्दच शीर्षकात घेऊन सुमारे सातशे वर्षांचा प्रवास केला. यांपैकी ‘हिंदू’ मला काही ठिकाणी लेखकाच्या पांडित्याखाली वाकलेली वाटली. पेंडसे पात्रांना बोलू देतात. तेथे लेखक दिसत नाही आणि घर दिसते.

आणि आपली घरे? कोणी देशपांडेपणाच्या वतनावर, कोणी जहागिरीच्या कारकुनीसाठी, कोणी माणिकप्रभूंच्या ओढीने हुमनाबादेस आणि तेथून पुढे, कोणी कापडचोपड घेऊन या टापूत आले आणि येथलेच झाले. या घरांवर कोणी कादंबरी लिहायला बसला तर त्याला पहिली अडचण लिपीची येईल. पणजोबांचे कागद मोडीत. आजोबांचे शिक्षण उर्दूत, कारण निजामी राजवटीत दरबार, कचेरी आणि १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठही उर्दूचे. तारखा फसली सनाच्या, महिने बहमन आणि खुर्दाद. वडील मराठी शाळेत. मुले कानडीत, नातवंडे इंग्रजीत. एकाच छपराखाली आजोबांचे पत्र नातवाला वाचता येत नाही, आणि नातवाची प्रगतिपत्रिका आजोबांना.

प्रसंगही कमी नाहीत. मे १९४८ मध्ये रझाकारांनी गोर्टा येथे केलेले हत्याकांड, रातोरात सीमेपलीकडे गेलेली आणि १७ सप्टेंबरनंतर परतलेली कुटुंबे, परतल्यावर न सापडलेली भांडी. मग १ नोव्हेंबर १९५६. बिदर जिल्ह्याचे त्रिभाजन झाले: निलंगा, उदगीर, अहमदपूर मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात, बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. निलंग्यास दिलेली लेक एका रात्रीत परराज्यात गेली, आणि तिच्या माहेरच्या जमिनीची पहाणी निराळ्या लिपीत लिहिली जाऊ लागली. पाटील-पटवाऱ्यांची वतने गेली, १९७४ च्या सुधारणेने कुळे मालक झाली. २०१८ साली हुलसूर स्वतंत्र तालुका झाला, तेव्हा ज्या वाड्याच्या ओसरीवर एके काळी वसुलाची थैली मोजली जाई, तशा वाड्यांतील कित्येक नातवंडे पुण्या-बेंगळुरात भाड्याच्या घरांत राहत होती. त्यांत कूळ आणि मालक दोघांचीही नातवंडे होती. कदाचित शेजारीशेजारीही.

१९४८ साली जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. त्याला बहमन महिना केव्हा येतो ते ठाऊक आहे, गोर्ट्याच्या बाजूने दिसलेला धूर आठवतो, आणि माजघरातल्या लाकडी पेटीत तळाशी कोणते कागद आहेत तेही तो सांगू शकतो. संक्रांतीच्या सुमारास मुले-नातवंडे गावी येतात. त्या दोन-तीन दिवसांत दुपारी ती पेटी ओसरीवर आणून उघडावी.