‘ओ असून ओ चालेना’

१. मुखेडच्या बाळंतिणीबद्दलचं हे वाक्य कोड्यासारखं वाटलं, तरी चुकलेलं नाही. हा ‘बॉम्बे’ रक्तगट, डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली नोंदवलेला. ए आणि बी ज्या ‘एच’ घटकावर घडतात, तोच या तांबड्या पेशींवर नसतो. त्यामुळे काचपट्टीवर अँटी-ए, अँटी-बीचे थेंब टाकले तरी गुठळी धरत नाही आणि कागदावर ‘ओ’ पडतो. बिंग फुटतं ते रुग्णाचा रक्तद्रव ओ पेशींत मिसळल्यावर : गुठळ्याच गुठळ्या. अशांना बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. भारतात असे साधारण दहा हजारांत एक. आधीच्या आवृत्तीतलं ‘ओ निगेटिव्ह’ ही मुद्रितशोधकाची हुशारी. आरएचचा इथं काही संबंध नाही. — संपा.