चांदीवरील मीनाकारी : अग्निपरीक्षेतून उमललेली कला

'हिरा कोंदणातच शोभतो' असे आपण सहज म्हणतो; परंतु ते कोंदण घडविणाऱ्या हातांची आठवण क्वचितच ठेवतो. रत्नजडित दागिन्यांच्या इतिहासात जयपूरच्या मीनाकारीचे स्थान अनन्यसाधारण आहे.

अकबराच्या काळातील 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात मीनाकार कारागिरांचा उल्लेख आढळतो. आमेरचे राजा मानसिंह (कारकीर्द १५८९ ते १६१४) यांनी लाहोरहून मीनाकार आणून आपल्या राज्यात वसविले, असे परंपरा सांगते. पुढे १७२७ मध्ये सवाई जयसिंह यांनी जयपूर नगरी वसविली. तेथील जौहरी बाजारात रत्नांच्या व्यापाराची भरभराट झाली आणि त्या व्यापारात जैन जव्हेऱ्यांचाही मोठा वाटा राहिला.

एक दागिना अनेक हातांतून जातो. चितारी नक्षी रेखाटतो, सोनार घाट घडवितो, खोदकाम करणारा नक्षीचे बारीक खळगे कोरतो. त्या खळग्यांत मीनाकार रंगीत काचेची ओली पूड सळईने भरतो व दागिना भट्टीत घालतो. चांदी ९६१ अंश सेल्सिअसला वितळते, तर मीना साधारण ८०० अंशांच्या आसपास पक्का होतो. म्हणजे यश आणि नाश यांत अंतर थोडेच! अधिक उष्णता सोसणारा रंग आधी आणि नाजूक रंग शेवटी, असा क्रम पाळावा लागतो. निळा व हिरवा रंग चांदीवर विशेष खुलतो. पारदर्शक लाल रंगाचे तेज मात्र सोन्यावरच प्रकटते.

रत्नांना भट्टीचा दाह सोसवत नाही. म्हणून जडाव सर्वांत शेवटी होतो. खळग्यात लाख भरून त्यावर रत्न बसवितात आणि शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा भोवती दाबतात. हेच कुंदन. शुद्ध सोने दाबानेच एकजीव होते, त्यास आच लागत नाही. या टप्प्यावर जडियाचा हात चुकला, तर आधीच्या सर्वांचे श्रम व्यर्थ जातात. परस्परांवरील विश्वास हेच या धंद्याचे खरे भांडवल होय.

सर्वांत विलक्षण बाब म्हणजे, जडावाच्या दागिन्यांत ही मीनाकारी बहुधा पाठीमागच्या बाजूस असते. पुढे रत्ने झळकतात आणि फुलापानांची नक्षी अंगाला टेकून राहते. जगाला न दिसणारी बाजूही तितक्याच निष्ठेने सजविणे, हा या कारागिरांचा धर्म ठरला. त्यांपैकी बहुतेकांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत.

आज यंत्रावर ओतलेले, थंड रंगांनी भरलेले स्वस्त दागिने बाजारात मुबलक मिळतात. भट्टीतील मीना आणि असा रंग यांतील फरक ग्राहकाने ओळखला नाही, तर खऱ्या कारागिराच्या मुलाने ही कला का शिकावी? दागिना घेताना तो एकदा उलटून पाहावा. पाठ बोलू लागली, तर कला जिवंत आहे असे समजावे. आणि तिचे योग्य मोल देणे, हीच त्या अनामिक हातांना खरी आदरांजली ठरेल.